माळरानाला पडीक म्हणू नका

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली, ७१ टक्के पडले. सुट्टी मिळाली की नान्नजला पक्षी बघायला पळते. वाइल्डलाइफमध्येच काम करायचं म्हणते. आमच्या पडीक माळावर कसलं आलंय वाइल्डलाइफ? आधी बी.फार्म. कर, मग आयएफएस (भारतीय वनसेवा) हो, तरच परवानगी, असं बजावलंय. तिच्या वहीतलं पान सोबत जोडतो. वेळ कसा वाया घालवते ते दिसेल. – एक वडील, सोलापूर

उत्तर : मला ७१ टक्क्यांची काळजी नाही, 'तरच परवानगी'ची आहे. आयएफएसच्या जागा देशभरातून शे-दीडशे. ती परीक्षा नाही निघाली, तर मुलीने काय करायचं? रान विसरायचं? खरं सांगू, तुम्हाला दारात सरकारी गाडी हवी आहे आणि ती आणायचं काम तुम्ही तिच्यावर टाकलंय. शिवाय आयएफएसला चालणाऱ्या पदव्यांत बी.फार्म. नाहीच. म्हणजे तिची वाट तुम्हीच बंद करताय, तीही चार वर्षांची फी भरून!

ते पान मी दोनदा वाचलं. 'सकाळी साडेसहा. कुसळी गुडघ्याएवढी. धाविकाची जोडी नांगरलेल्या पट्ट्यात. मागच्या महिन्यात इथे गवत होतं.' (कुसळी म्हणजे माळावरचं गवत, धाविक म्हणजे माळावर धावणारा पक्षी.) शेवटचं वाक्य बघा. जागा बदलतेय, हे तिला कोणी न सांगता दिसलं. एम.एस्सी. झालेल्यांकडूनही अशा नोंदी सहज मिळत नाहीत.

आता त्या 'पडीक'बद्दल. रान म्हणजे झाडी, हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. नान्नजचं माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं, ते या उघड्या माळासाठीच. माळढोक जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. त्याला लांबवर नजर पोचणारं मोकळं गवत लागतं. काळवीट आणि लांडगेही याच माळावर जगतात. तरी इथे हिरवाईच्या नावाखाली ग्लिरिसिडियाची झाडं लावली गेली. माळावर झाडं लावणं म्हणजे माळ मोडणंच. त्यात विजेच्या तारा आल्या. माळढोकाला उडताना समोरचं नीट दिसत नाही, तो त्यांवर आदळतो. आज नान्नजला माळढोक दिसणं जवळपास संपलंय. म्हणून या कामात रोपं लावण्याआधी नको ते रोखावं लागतं : कुठे रस्ता नको, कुठे तार नको, चराई कधी थांबवायची. त्यासाठी गवत ओळखणारा माणूस लागतो आणि मेंढपाळांशी बोलता येणाराही. तुमच्या मुलीला गवत ओळखता येतं.

वाटा नेहमीच्याच : दापोली किंवा अकोल्याला बी.एस्सी. फॉरेस्ट्री, नाहीतर सोलापुरातच बॉटनी-झूलॉजी. पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एम.एस्सी. किंवा एमपीएससीची वनसेवा. मुलींनी रानात कसं राहायचं, हे वनखात्यातल्या एखाद्या महिला वनरक्षकालाच विचारा, माझ्यापेक्षा ती नीट सांगेल.

तिने सीईटी दिली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिली असेल तर फॉरेस्ट्रीच्या अर्जाची तारीख आजच बघा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.