अल्बमला चिकटलेलं हृदयनाथ कुंझरूंचं तिकीट न फाडता कसं काढावं?

तुम्ही विचारलंय की घोडबंदर रस्त्यावरच्या घरात ठेवलेल्या अल्बममध्ये स्काउट चळवळीतले नेते हृदयनाथ कुंझरू यांचं 1987 सालचं 60 पैशांचं कोरं (न वापरलेलं) टपाल तिकीट पानाला चिकटलंय, दुसरं तसंच तिकीट ठाण्याचा शिक्का असलेल्या पाकिटावर आहे, आणि शाळेच्या स्काउट-गाइड प्रदर्शनासाठी दोन्ही सोडवायची आहेत.

पहिलं सांगतो: दोन्हींना एकच उपाय लावू नका. कोऱ्या तिकिटाची निम्मी किंमत मागच्या गोंदात असते, ते पाण्यात टाकलं की ती गेली. आणि पाकिटावरचं तिकीट तर काढूच नका. शिक्क्यातलं गाव आणि तारीख पूर्ण वाचता येत असेल, तर अख्खं पाकीटच जपायची वस्तू आहे. प्रदर्शनात मुलंही तोच शिक्का वाचतील. शिक्का अर्धवट पुसलेला आणि पाकीट फाटकं असेल, तरच पुढचा भिजवण्याचा विचार करा.

आता पानाला चिकटलेलं. खाडीकाठच्या पावसाळी हवेत गोंद ओल शोषतो, मऊ होतो आणि अल्बमवर दाब पडला की चिकटतो. चिमट्याने किंवा ब्लेडने उचकलंत तर तिकिटाचा पातळ थर पानावरच राहतो. मागून उजेडात धरलं की तो फिका डाग दिसतो आणि तिकिटाचं मोल तिथेच संपतं. जी ओल नडली, तीच मोजून-मापून द्यायची.

पानाच्या मागे दुसरी तिकिटं नसतील तर तिकिटाभोवती 1-2 सेंटीमीटर सोडून पान कापून घ्या. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या. तळाला ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर तो तुकडा, तिकीट वरच्या बाजूला. झाकणाच्या आतून टिपकागद लावायचा. हे लोक विसरतात आणि झाकणावर जमलेला थेंब नेमका चित्रावर पडतो. दोन तासांनी बघा, मग दर अर्ध्या तासाने. साधारण तीन ते आठ तास लागतात. रात्रभर ठेवून झोपू नका. गोंद वितळून चित्राच्या बाजूला येतो.

कोपरा आपोआप उचललेला दिसला की तुकडा पालथा करून तिकीट टेबलावर सपाट धरा आणि पान तिकिटापासून मागे दुमडत सोलत जा. तिकीट पानापासून ओढायचं नाही, पान तिकिटापासून सोलायचं. अडलं की थांबा आणि परत डब्यात अर्धा तास. सुटल्यावर गोंद वर करून तासभर मोकळं ठेवा. मग बटरपेपरमध्ये घेऊन जाड पुस्तकाखाली एक रात्र. टिपकागदात ठेवू नका, परत चिकटेल. गोंदावर खुणा राहतील आणि विकताना त्याचे पैसे कमी मिळतील, हे मान्य करून चला.

भिजवायचंच असेल तर: पाकिटाचा तुकडा साध्या पाण्यात 15-20 मिनिटं, तिकीट स्वतःहून सुटेपर्यंत. लाल-निळ्या काठाच्या किंवा रंगीत पाकिटांचा रंग उतरून तिकिटाला लागतो, त्यांना वेगळं भांडं आणि फक्त थोडा वेळ. सुटल्यावर दुसऱ्या स्वच्छ पाण्यात उरलेला गोंद बोटाच्या पेराने अलगद काढा, टिपकागदावर चित्र खाली करून वाळवा, मग दाबात ठेवा.

पुन्हा चिकटू नये म्हणून कोरं तिकीट काळ्या पाठीच्या पारदर्शक माउंटमध्ये (तिकीट ठेवायच्या छोट्या प्लास्टिक खोळीत) घाला, स्टॉकबुक (तिकिटं पट्ट्यांमध्ये खोचून ठेवायची वही) उभं ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. बंद डब्यात 50 ग्रॅमच्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोनेक तास वाळवा. पिवळसर-तपकिरी ठिपके दिसले तर ती बहुधा बुरशी असते. ते तिकीट लगेच वेगळं ठेवा, ब्लीच लावू नका. लॅमिनेशन आणि सेलोटेप कधीच नाही.

प्रदर्शनासाठी माउंटमधलं तिकीट आम्लरहित कार्डावर लावा, थेट उन्हात किंवा दिव्याखाली नको. शेजारी कुंझरूंबद्दल चार ओळी जरूर लिहा: मदनमोहन मालवीय आणि श्रीराम बाजपेयी यांच्याबरोबर 1918 ची सेवा समिती स्काउट असोसिएशन, भारत स्काउट्स अँड गाइड्सचे पहिले राष्ट्रीय आयुक्त, आणि 1946 च्या ज्या समितीच्या शिफारशींतून 1948 मध्ये एनसीसी उभी राहिली, तिचे अध्यक्ष. गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचं अध्यक्षपदही त्यांनी 1936 पासून सांभाळलं. एनसीसीच्या गणवेशातल्या मुलाला हे वाचून आपला धागा सापडतो, म्हणून हा मजकूर तिकिटाइतकाच नीट, मोठ्या अक्षरात लिहा.

जाता जाता, चिकटलेलं तिकीट फक्त एकच असेल आणि डब्याचा प्रयोग कधी केला नसेल, तर आधी एखाद्या सामान्य कोऱ्या तिकिटाला मुद्दाम कागदावर चिकटवून हात बसवा.