आखडलेला खांदा आणि पंधरा टाक्यांचा स्टिरिओ

आधी प्रश्न थोडक्यात. वाचकाची गाडी सहा वर्षांची आहे, आणखी अडीच वर्षं वापरून विकायचा विचार आहे. स्टिरिओ कंपनीचा नाही, दोन वर्षांपूर्वी बाहेरून बसवलेला. त्याची जागा एसीच्या बटणांच्याही खाली, जवळजवळ गिअरच्या दांड्यापाशी. चार महिन्यांपासून त्याच बाजूचा खांदा आखडलाय, डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर म्हणून निदान केलंय. वाचकाच्याच शब्दांत, "कळ दाबायला गेलं की कळ येते."

बटणं हाताशी आणायला फिटरने तीन मार्ग सुचवले. एक, स्टिअरिंगजवळ चिकटवायचा बिनतारी रिमोट. दोन, त्याच गाडीच्या महागड्या मॉडेलची बटणं स्टिअरिंगवर बसवून स्टिरिओला जोडणं. तीन, स्टिरिओचा डबा सीटखाली हलवायचा आणि फक्त त्याचा चेहरा, म्हणजे डिस्प्ले आणि बटणं, डॅशबोर्डवर वर घ्यायचा. वाचकाचा कल तिसऱ्याकडे आहे: "एकदाच खर्च, कायमची कटकट मिटेल." पैसे अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेतून घ्यायचे आणि पुढच्या बचतीतून भरून काढायचे, असा बेत.

रकमा न लिहिता तुम्ही सगळा हिशेब पेट्रोलच्या टाकीत मांडलात, हे मला फार आवडलं. रिमोट अर्धी टाकी, स्टिअरिंगची बटणं मजुरीसकट चार टाक्या, डबा हलवणं पंधरा टाक्या. महिन्याची बचत दहा टाक्या, आणि महिन्याला गाडीत भरता दोन. मीही टाकीतच बोलतो.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: तिसरा मार्ग नको, दुसराही आहे तसा नको. आता का ते.

तुम्हाला मी उलट टपाली एक काम सांगितलं होतं: आठवडाभर मोजा, हात स्टिरिओकडे किती वेळा जातो आणि कशासाठी. तुम्ही इमानदारीने मोजलंत. रोज सरासरी पंचवीस वेळा. त्यातले अठरा आवाज कमी-जास्त करायला, पाच गाणं पुढे ढकलायला, उरलेले दोन इतर कशाला तरी. म्हणजे पंचवीसपैकी तेवीस वेळा तुमचं काम तीन बटणांत भागतं. स्टिरिओच्या जागेशी तुमचं भांडण नाहीच, या तीन बटणांच्या अंतराशी आहे. तिसऱ्या मार्गात तुम्ही तीन बटणं हलवण्यासाठी अख्खं घर हलवताय, आणि मजुरी घराची लागतेय.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, आणि तो खांद्याचा आहे. मी डॉक्टर नाही, उपचारांबद्दल बोलणार नाही. पण फ्रोझन शोल्डर हे सहसा मुदतीचं दुखणं असतं. बऱ्याच जणांचा खांदा एक ते तीन वर्षांत हळूहळू सैल होतो. तुमचे चार महिने गेलेत, गाडी राहणार अडीच वर्षं. म्हणजे गाडी विकायच्या आधीच खांदा बराचसा सुटण्याची शक्यता चांगली आहे. माझ्या, म्हणजे आर्थिक सल्ल्याच्या, धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की गरजेची मुदत आणि पैशाची मुदत जुळली पाहिजे. वीस वर्षांच्या घरासाठी सहा महिन्यांचं कर्ज कोणी काढत नाही. इथे तुम्ही उलटी चूक करताय. गरज उतरणीला लागणारी आहे, आणि खर्च असा करताय की तो गाडीत कोरला जाईल.

"कोरला जाईल" हे अलंकारिक नाही, अक्षरशः तसंच आहे. स्टिरिओचा खाचा प्रमाणित असतो: एकेरी मापाचा साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, दुहेरी असेल तर उंची १००. तुमच्या गाडीत तो खाचा खाली आहे, म्हणून स्टिरिओ खाली आहे. वर तसा खाचाच नाही. चेहरा वर घ्यायचा तर डॅशबोर्ड कापावा लागेल किंवा त्यावर स्क्रू मारून स्टँड लावावा लागेल. शिवाय तुमच्या स्टिरिओचा चेहरा निघतो, म्हणून तो लांब नेता येतो, हा फिटरचा तर्क अर्धाच खरा आहे. चेहरा आणि डबा यांच्यामधल्या कनेक्टरमध्ये बरेच पिन असतात, आणि ते एकमेकांना चिकटून बसतील या हिशेबानेच केलेले असतात. तिथे मीटर-दीड मीटरची केबल एकेक तार डाखून जोडली, की कधी डिस्प्ले लुकलुकतो, कधी बटण दोनदा दाबल्यासारखं होतं, कधी इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिटी स्पीकरमधून ऐकू येते. मुळातच वेगळा चेहरा आणि वेगळा डबा म्हणून बनवलेले स्टिरिओ मिळतात, ते प्रकरण निराळं. पण तुमच्या कोटेशनमध्ये स्टिरिओ तोच जुना आहे.

हे सगळं मला का माहीत, तर मी स्वतः हा उद्योग केलाय. पूर्वीच्या एका गाडीत मी स्टिरिओचा डबा ग्लव्ह बॉक्सच्या आत बसवून घेतला आणि नियंत्रणाची पट्टी वर आणली. दिसायला झकास. पहिल्या उन्हाळ्यात तो बंद जागेत तापून आपोआप आवाज कापायला लागला, कारण आतल्या अ‍ॅम्प्लिफायरला उष्णतेपासून बचावाची सोय असते आणि ती इमानेइतबारे काम करत होती. त्यानंतर आम्ही बारा दिवस बाहेरगावी गेलो. परत आलो तर गाडी चालूच होईना. फिटरने नियंत्रणाच्या पट्टीची लाल तार किल्लीबरोबर बंद होणाऱ्या लाइनला द्यायच्या ऐवजी कायम चालू असलेल्या लाइनलाच बांधून टाकली होती. गाडी उभी असताना साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत खेचायला हवं, माझी दीडशे खेचत होती. ६० अँपिअर-तासांची बॅटरी, बारा दिवसांचे २८८ तास, म्हणजे ४३ अँपिअर-तास गेले, जवळजवळ तीन चतुर्थांश. त्या बॅटरीने पुढे काही महिन्यांत मान टाकली. नवी बॅटरी स्टिरिओच्या बिलावर कुठेच लिहिलेली नव्हती, पण खर्च त्याचाच होता. आर्थिक सल्लागाराने असं करावं का? नाही. पण तेव्हा मला तो छंद होता, आणि छंदाचा हिशेब आपण स्वतःशीसुद्धा खरा करत नाही.

आता टाक्यांकडे. पंधरा टाक्या तीस महिन्यांवर वाटल्या की महिन्याला अर्धी टाकी. तुम्ही महिन्याला दोन भरता, म्हणजे इंधनाचा खर्च तीस महिने चतुर्थांशाने वाढल्यासारखं झालं. उद्या पेट्रोल एका झटक्यात पंचवीस टक्क्यांनी महागलं तर तुम्ही किती चिडाल, ते आठवून बघा. यातले विकताना किती परत येतील? माझ्या मते शून्य, आणि शून्यावर थांबलं तर नशीब. बाहेरून बसवलेला स्टिरिओ खरेदीदार फार तर दुर्लक्षित करतो. कापलेला डॅशबोर्ड आणि सीटखालून जाणाऱ्या तारा दिसल्या की तो विचारतो, आणखी कुठे हात घातलाय? आणि भाव पाडतो. विमा कंपनीलाही असे बदल कळवावे लागतात, नाहीतर त्या सामानाच्या दाव्याच्या वेळी वाद होतो.

आणि पैसे कुठून? अडीअडचणीच्या रकमेतून. तुमच्याकडे ती दोन महिन्यांच्या खर्चाइतकीच आहे. पंधरा टाक्या भरून काढायला दीड महिन्याची सगळी बचत जाईल, आणि तुमच्याच पत्रात पुढे एका ओळीत आहे की पुढच्या तिमाहीत गाडीचा विमा आणि चार टायर उभे आहेत. टायर आधी. त्यात तडजोड नाही. खांदा दुखतो म्हणून स्टिरिओ ही सुरक्षिततेची बाब आहे, असं तुम्ही लिहिलंय, आणि ते चूक नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद नजर खाली गेली की ३३ मीटर आंधळे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली गाडीतल्या उपकरणांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात एका वेळची नजर दोन सेकंदांच्या वर रस्त्यावरून हटू नये, असंच सांगितलंय. पण हे सगळं तीन बटणं हाताशी आल्याने सुटतं. डबा सीटखाली गेल्याने त्यात काहीच भर पडत नाही. उलट चेहरा वर आला तरी तिथवर हात उचलावाच लागेल, आणि आखडलेल्या खांद्याला पुढे नेण्यापेक्षा वर उचलणं सोपं जाईल का, हे तुम्हीच गाडीत बसून करून बघा. फिटरने हे विचारलंय, असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

दुसऱ्या मार्गाबद्दल. स्टिअरिंगवरच्या बटणांमागचं तत्त्व अगदी साधं आहे. प्रत्येक बटणामागे वेगळा रोध असतो, बटण दाबलं की तारेवरचा व्होल्टेज बदलतो आणि त्यावरून स्टिरिओ ओळखतो की आवाज वाढवायचाय की गाणं बदलायचंय. दोन-तीन बारीक तारांचं काम. (बऱ्याच नव्या गाड्यांत हे संदेश गाडीच्या डेटा लाइनवरून जातात, तिथे अ‍ॅडॅप्टर लागतो.) मग चार टाक्या कशाच्या? तर बटणं स्टिअरिंगवर न्यायची म्हणजे स्टिअरिंगच्या आतली क्लॉक स्प्रिंग बदलायची. फिरत्या चाकातून वीज नेणारी ती गुंडाळलेली पट्टी, आणि एअरबॅगची तारही तिच्यातूनच जाते. ते काम कंपनीच्या वर्कशॉपशिवाय कोणाच्या हाती देऊ नका. चार टाक्यांचं कोटेशन रस्त्यावरच्या फिटरचं असेल, तर ते मला स्वस्त वाटत नाही, भीतिदायक वाटतं.

रिमोट आणि स्टिअरिंगची बटणं या दोन्हींच्या मधे एक वाट आहे, जी तुमच्या फिटरने सांगितली नाही. बाहेरून घेतलेल्या पुष्कळ स्टिरिओंना मागच्या बाजूला वायर्ड रिमोटसाठी ३.५ मिलिमीटरचं सॉकेट असतं, किंवा 'की १', 'की २' अशा नावाच्या तारा असतात. तुमच्या माहितीपुस्तिकेत ते पान शोधा. असेल तर चार बटणांचा छोटा कीपॅड तारेने जोडून स्टिअरिंगच्या बाजूला, हात नेहमी असतो तिथे लावता येतो. स्टिअरिंग उघडायचं नाही, डॅशबोर्ड कापायचा नाही, विकताना काढून घ्यायचा.

पण त्याच्याही आधी अर्ध्या टाकीचा रिमोट घ्या. इन्फ्रारेडचा नको, त्याला स्टिरिओचा चेहरा समोर दिसावा लागतो आणि तुमचा तर गिअरच्या दांड्याआड आहे. ब्लूटूथचा किंवा रेडिओ लहरींवर चालणारा घ्या, आणि घेण्याआधी तो तुमच्या स्टिरिओशी बोलतो का ते दुकानातच लावून बघा. ब्लूटूथचे बरेच रिमोट स्टिरिओशी नाही, फोनशी बोलतात. तुम्ही गाणी फोनवरूनच ऐकत असाल तर चालेल, एफएम ऐकत असाल तर आवाज बदलणार नाही. फोनला तोंडी हुकूम देऊन गाणं बदलण्याची सोय फुकटच आहे, ती तर आजच सुरू करा.

तीन महिने हा रिमोट वापरा. महिन्यातून एक आठवडा पुन्हा मोजदाद करा. पंचवीसचे पाच झाले, तर विषय संपला आणि साडेचौदा टाक्या तुमच्याच खिशात राहिल्या. रिमोट दगा देतोय, जोडणी तुटतेय, तर वायर्ड कीपॅड, तोही त्या महिन्याच्या बचतीतून, राखीव रकमेला हात न लावता. खांदा वर्षभरानेही तसाच असेल आणि गाडी आणखी सहा-सात वर्षं ठेवायचं ठरलं, तर वर्कशॉपमधून स्टिअरिंगची बटणं करून घ्यायला माझी हरकत नाही. तेव्हा गरजही लांबची असेल आणि पैसेही त्यासाठी बाजूला काढलेले असतील. हप्त्यावर मात्र यातलं काहीच घेऊ नका.

फिटरला आगाऊ रक्कम दिली नसेलच, असं धरून चालतो. दिली असेल तर ती सोडून द्यावी लागली तरी चालेल, ती वाचवायला उरलेल्या टाक्या घालू नका.

रिमोट लावताना एक लक्षात ठेवा. स्टिअरिंगच्या मधोमध, एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवायचं नाही. चाकाच्या आडव्या पट्टीवर, अंगठा न उचलता पोचेल अशा जागी आधी कागदाचा तुकडा लावून दोन दिवस चालवून बघा, वळण घेताना तो हाताला अडतो का ते कळेल. मग रिमोट.