ट्रॅक-डेला जायचंय, पण पडलो तर हप्ते कोण भरणार?

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३२, हिंजवडीत नोकरी, हातात येणारा पगार १ लाख ३५ हजार. घरी पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. घराचं ५२ लाखांचं कर्ज बाकी, हप्ता ४५ हजार. २०२३ मध्ये घेतलेली केटीएम आरसी ३९० बाइक आहे, तिचेही ९० हजार फिटायचेत, हप्ता साडेआठ हजार. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास रेस ट्रॅकवर दोन दिवसांचा ट्रॅक-डे, म्हणजे फी भरून बंदिस्त ट्रॅकवर स्पर्धेविना स्वतः बाइक चालवणं, करायची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. फी, प्रवास आणि लेदर सूट धरून ७५ हजार बाजूला काढलेत. जागा धरायला आठवडाभरात आगाऊ रक्कम भरायची आहे. विमा एजंट म्हणतो, ‘झीरो डेप आहे, सगळं कव्हर होतं.’ ग्रुपमधले मित्र म्हणतात, ‘ट्रॅकवर काही मिळत नाही. पडलास तर बाइक बाहेर आण आणि रस्त्यावर पडलो म्हणून क्लेम टाक.’ आणि पत्नी विचारते, हाड मोडून तीन महिने घरी बसलास तर हप्ते कोण भरणार?

तुमच्या पत्नीचा प्रश्न या सगळ्यात सर्वांत मोलाचा आहे. त्याकडे येतोच. आधी बाइकचं बघू, कारण त्याचं उत्तर सरळ आहे.

तुमचा एजंट चुकीचं सांगतोय. पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर वापराच्या मर्यादांचा एक छोटा परिच्छेद असतो, तो काढून वाचा. भाड्याने देणं, मालवाहतूक यांच्यासोबत तिथे संघटित रेसिंग, पेस मेकिंग (इतरांसाठी वेग ठरवत पुढे धावणं), स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) यांसाठीचा वापर वगळलेला दिसेल. ही जुन्या मोटर टॅरिफची, म्हणजे सगळ्या कंपन्यांना लागू असलेल्या दर-अटींच्या नियमावलीची भाषा आहे. २००७ पासून कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक मिळाली, पण हा परिच्छेद जवळपास तसाच राहिला. ट्रॅक-डेला नंबर लागत नाहीत, बक्षीस नसतं, म्हणून ती रेस नव्हे, असा युक्तिवाद रायडर करतात. त्यात अर्थ आहे, पण कंपनी स्पीड टेस्टिंगवर बोट ठेवेल आणि विमा लोकपालांपर्यंत (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) भांडत बसावं लागेल. झीरो डेपने फक्त सुट्या भागांचा घसारा माफ होतो, वगळलेला वापर आत येत नाही. मालक-चालकाचं १५ लाखांचं सक्तीचं अपघात कव्हर याच पॉलिसीसोबत घेतलं असेल, तर त्यालाही वापराच्या याच अटी लागतात.

म्हणजे पुणे-सातारा-कोल्हापूर-बेंगळुरू करत तुम्ही बाइकवरून गेलात तर ट्रॅकच्या फाटकापर्यंत विमा आहे. फाटकाच्या आत बाइकचं जे होईल ते स्वतःच्या खिशातून, असं धरून चाला.

आता मित्रांचा सल्ला. हे करू नका. कसं पकडलं जाईल हे त्यांना ठाऊक नाही म्हणून सांगतो, पण पकडलं जाणार नसतं तरी माझं उत्तर तेच राहिलं असतं. ट्रॅकवर उतरण्याआधी आरसे काढतात, हेडलाइट आणि टेललाइटवर टेप मारतात, नंबर प्लेट उतरवतात, काही ठिकाणी कूलंट काढून साधं पाणी भरायला लावतात, ड्रेन बोल्ट सुटू नये म्हणून त्याला लॉकवायर, म्हणजे तार घालतात. बाइक वर्कशॉपमध्ये आली की विमा कंपनीचा सर्व्हेअर हेच बघतो. फेअरिंग, म्हणजे बाइकचं बाहेरचं कवच एका बाजूने घासून गेलंय आणि त्याच बाजूचा आरसा मात्र कोरा करकरीत आहे. काचेच्या कडेला टेपचा डिंक आहे, रेडिएटरमध्ये पाणी आहे आणि टायरच्या कडा अशा वितळल्यात, जशा रस्त्यावर वितळत नाहीत. त्यात ट्रॅकवरचे फोटो आणि व्हिडिओ आयोजक त्याच संध्याकाळी टाकतात. खोटा क्लेम म्हणजे फसवणूक. चाळीसेक हजारांच्या बिलासाठी पॉलिसी, पुढच्या प्रस्तावांमधली पत आणि वेळ पडली तर नोकरी पणाला लागते.

मग बाइकसाठी काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वेळेला स्वतःची बाइक नेऊच नका. कर्ज बाकी असलेली बाइक ट्रॅकवर संपली तर बाइकही नाही, विम्याचे पैसेही नाहीत आणि बँकेचे हप्ते मात्र चालू. काही रायडिंग स्कूल ट्रॅकवर स्वतःच्या बाइक देतात. फी जास्त पडते, पण पडल्यावर भरायची रक्कम आधी विचारता येते. तिला कमाल मर्यादा आहे का, डिपॉझिट किती, ते कधी परत मिळतं, हे लेखी घ्या. तुमच्या केटीएमचं कर्ज वर्षभरात फिटेल. पुढे तीच न्यायची असेल तर तोवर ५०-६० हजारांची वेगळी ठेव करा आणि तिला पडझडीचा फंड म्हणा. बाइकचं नुकसान मोजता येतं, त्याला तळ आहे. ते बचतीतून भरावं.

शरीराचं नुकसान मोजता येत नाही. तिथे विमाच लागतो, आणि तिथे बातमी लोक समजतात त्यापेक्षा बरी आहे.

आरोग्य विम्यातली वर्जनं, म्हणजे कशाचे पैसे मिळणार नाहीत त्याची कलमं, विमा नियामकाने ठरवून दिली आहेत आणि २०२० पासून त्यांची भाषा सगळ्या कंपन्यांना सारखी आहे. त्यात साहसी खेळांचं नववं वर्जन आहे. गिर्यारोहण, राफ्टिंग, स्कूबा यांच्यासोबत मोटर रेसिंगचंही नाव तिथे आहे. पण वाक्य नीट वाचा. ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्यामुळे लागलेले उपचार वगळलेत. तुम्ही फी भरून जाणार, पैसे कमवायला नाही. या शब्दांप्रमाणे हौशी रायडरच्या कॉलरबोनचं ऑपरेशन तुमच्या वैयक्तिक मेडिक्लेममध्ये बसायला हवं. तरी गृहीत धरू नका. कंपनीला ईमेल करा आणि गोलमोल विचारू नका: ‘मी अमुक तारखेला बंदिस्त रेस ट्रॅकवर हौस म्हणून, फी भरून, स्पर्धेविना मोटरसायकल चालवणार आहे. अपघात झाल्यास हॉस्पिटलचा खर्च माझ्या पॉलिसी क्रमांक अमुकखाली देय आहे का? नसल्यास कोणत्या कलमाखाली नाही?’ शेवटचा प्रश्न गाळू नका. कलम विचारलं की कॉल सेंटरची छापील उत्तरं थांबतात आणि फाइल कुणीतरी उघडून बघतं. ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेमबद्दल एचआरला हेच विचारा, तिथल्या अटी वेगळ्या असू शकतात.

क्लेम नाकारला गेलाच, तर विमा लोकपालांकडे ५० लाखांपर्यंतची तक्रार फी न भरता करता येते. पुण्यातच कार्यालय आहे. तेव्हा हा ईमेल तुमच्या हातात असायला हवा.

मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, पगार भरत नाही. तुमच्या पत्नीचा प्रश्न इथेच येतो. तुमचे दोन हप्ते आणि घरखर्च मिळून महिन्याला जवळजवळ लाख होतात, आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे हाताशी १ लाख ८० हजार आहेत. म्हणजे दोन महिनेही नाहीत. रजा किती शिल्लक आहे आणि कंपनीच्या ग्रुप अपघात विम्यात आठवड्याचा भत्ता आहे का, हे आधी बघा. मग स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा घ्या. ‘सरल सुरक्षा विमा’ हे २०२१ पासूनचं प्रमाणित उत्पादन आहे, अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत मिळतं. त्यात तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचं ऐच्छिक कव्हर घेतलं तर मूळ रकमेच्या ०.२ टक्के दर आठवड्याला, जास्तीत जास्त १०० आठवडे मिळतात. ५० लाखांवर आठवड्याचे १० हजार. घराचा हप्ता जवळपास निघाला. मात्र हे उत्पादन असो वा दुसरा कुठला अपघात विमा, वर्जनं आधी वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये शर्यतीचा आणि साहसी खेळांचा अपवाद मेडिक्लेमपेक्षा कडक असतो, हौशी-व्यावसायिक असा फरक न करता. कंपनीने लेखी नाही म्हटलं तरी हा विमा घ्या, कारण हिंजवडीला रोज दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाला तो लागतोच. फक्त ट्रॅकच्या हिशेबात धरू नका. टर्म आयुर्विम्यावर ५० लाखांचा अपघाती मृत्यूचा ‘रायडर’, म्हणजे जोड-कव्हर, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. ट्रॅकसाठी म्हणून नको. रेसिंग त्यात साधारणपणे वगळलेलं असतं.

मूळ टर्मची गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये घेतलेली तुमची १ कोटीची पॉलिसी सच्ची आहे. तेव्हा ट्रॅकचा विचारही नव्हता आणि फॉर्मवर तुम्ही खरं लिहिलंत. विमा कायद्याच्या ४५व्या कलमाप्रमाणे तीन वर्षांनंतर तिच्यावर आक्षेपही घेता येत नाही. पण ती पुरत नाही. त्यातले ५२ लाख घराच्या कर्जात गेले तर ४८ उरतात. ६ टक्क्यांनी महिन्याला २४ हजार. तुमचा घरखर्च आजच ४५ हजार आहे आणि मुलगी दोन वर्षांची आहे. आणखी एक कोटीची पॉलिसी ट्रॅक-डेशिवायही हवीच. नव्या फॉर्मवर धोकादायक छंदांचा प्रश्न येईल, आणि तो बहुधा ‘करता किंवा करणार आहात का’ असा असतो. हो म्हणा. प्रीमियम थोडा वाढेल किंवा एखादी अट येईल, येऊ द्या. तुम्ही नसताना तुमच्या पत्नीने कंपनीशी वाद घालत बसण्यापेक्षा आज तुम्ही चार पैसे जास्त दिलेले बरे.

आता निर्णय. ट्रॅकवर जाऊ नका असं मी म्हणणार नाही. रविवारी सकाळी ताम्हिणीत जो वेग गाठला जातो तो मला ट्रॅकपेक्षा कितीतरी जास्त घाबरवतो. तिथे समोरून एसटी येते, वळणावर खडी असते आणि अ‍ॅम्ब्युलन्स तासाभराच्या अंतरावर असते. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, मार्शल असतात, शिकवणारे असतात. पण ही बॅच सोडा. आगाऊ रक्कम भरू नका. त्या ७५ हजारांतून चांगला सूट, बूट आणि हेल्मेट आत्ताच घ्या, यात काटकसर नको. उरलेले आणीबाणीच्या बचतीत टाका आणि ती तीन लाखांपर्यंत न्या. तोवर ईमेलचं उत्तर येईल, टर्म आणि अपघात विमा हातात येईल. मग पुढच्या बॅचला स्कूलच्या बाइकवर जा. आयोजकाचा बॉण्ड (अपघाताची जबाबदारी आपली, असं लिहून द्यायचा कागद) सही करण्याआधी आदल्या दिवशी मागवून वाचा. त्यांनी सहभागींचा ग्रुप अपघात विमा काढला असेल तर त्याची प्रत मागा.

आणि एक, जे तुम्ही ओघात लिहून गेलात. २०२१च्या टर्ममध्ये नॉमिनी अजून आई आहेत, कारण तेव्हा लग्न झालं नव्हतं. आई, वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर कायद्याने रक्कम त्यांचीच होते, ते फक्त सांभाळणारे नसतात. म्हणजे कर्ज फेडायची वेळ तुमच्या पत्नीवर आणि पैसे आईंच्या नावावर. दोघींशी बोलून कुणाला किती टक्के ते ठरवा आणि या आठवड्यातच बदल नोंदवा. नवी टर्म घेताना विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली पत्नी आणि मुलीच्या नावे करा, म्हणजे त्या रकमेवर कुठल्याही सावकाराला हात टाकता येणार नाही. हा पर्याय प्रस्ताव भरतानाच निवडावा लागतो, नंतर जोडता येत नाही.