आजी रागावते कशाला?

प्रिय सानू,

काल आजी फोनवर म्हणाली, "आज एक नोव्हेंबर, आज घरात गोड नाही." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "तिला तर कुणी घरातून काढलं नाही, मग ती रागावते कशाला?" मी "जेवून घे आधी" म्हणालो. खरं सांगायचं तर ते लागलं मला. लिहिताना जरा नीट सुचतं, म्हणून हे पत्र.

तुझ्या डोक्यात तुझ्या इथल्या फिनिश मैत्रिणीची पणजी असणार, कारेलियातल्या वीपुरी शहराची. १९३९ च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौजा आल्या, मार्च १९४० मध्ये तह झाला आणि फिनलंडचा कारेलिया सोव्हिएत संघाकडे गेला. चार लाखांवर माणसं, म्हणजे फिनलंडमधला दर नववा-दहावा माणूस, घर सोडून पश्चिमेला आली. १९४१ मध्ये तो भाग परत मिळाला, पुष्कळजण परतले, घरं पुन्हा उभी केली, शेतं पेरली आणि १९४४ मध्ये दुसऱ्यांदा सगळं सोडून निघाले.

त्यापुढे आपलं बेळगाव काय! शहापुरातलं आपलं घर होतं तिथेच आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, पण आजोबा त्या दिवशीही त्याच न्हाणीघरात आंघोळ करून दुकानात गेले असणार.

लहानपणी मला हा दिवस आवडायचा. शाळेला सुट्टी. दंडाला काळी फीत लावून काकांबरोबर फेरीत जायचं आणि "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असं घसा बसेपर्यंत ओरडायचं. बिदर-भालकी कुठे आहेत, देव जाणे. संध्याकाळी शेजारच्या कन्नड अज्जींकडे राज्योत्सवाचं गोड असायचं, ते मी मागच्या दाराने जाऊन खायचो. आजीला ठाऊक होतं. ती फक्त "हात धुऊन ये" म्हणायची. याच अज्जी आपल्या शिवजयंतीचे चित्ररथ बघायला पायरीवर रात्रभर जागायच्या.

मला वाटतं, आजीचा राग बराचसा कागदांवरचा आहे. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, नोटीस आली तर तीही कन्नडमध्ये. पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी ही बाई स्वतःच्या शेताचा कागद घेऊन शेजारच्या पोराला हाक मारते. कन्नड शिकली असती तर? शिकायला हवं होतं, असं मला कधीकधी वाटतं. बाजारात ती कन्नडमध्ये घासाघीस करते, पण अक्षरांना हात लावत नाही. तो हट्टच आहे.

आपल्या बसस्टॉपवर गावाचं फिनिश नाव एस्पो आणि स्वीडिश नाव एस्बो अशी दोन नावं असतात, तू ती बघतही नसशील. मी अजून बघतो. या देशात स्वीडिश बोलणारे शंभरात पाचेक. तरी गावात दुसऱ्या भाषेची आठ टक्के किंवा तीन हजार माणसं असली की कायद्याने गाव दुभाषी. कागदपत्रं दोन्ही भाषांत. तेही १८०९ पर्यंत सहाशे वर्षं स्वीडनचं राज्य सोसून! तेव्हा आजी आठवते. आणि लगेच जत-अक्कलकोटकडचा कन्नड म्हातारा आठवतो, त्याच्या हातातला कागद मराठीत असतो. हे काकांसमोर बोललो तर ते आठवडाभर फोन उचलणार नाहीत.

बेळगावसाठी महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा लावलाय. त्यात तू बाजू घ्यावीस, काळी फीत लावावीस, असं काही नाही गं. एक नोव्हेंबरला तू बिनधास्त पुल्ला, तुझा तो गोड पाव, खा. फक्त हा प्रश्न आजीलाच विचार. ती माझ्यापेक्षा वेगळंच काहीतरी सांगेल. आज-उद्यात नको, दिवाळीच्या फराळात असेल तेव्हा विचार. काकांनी फोन मागितला तर देऊ नकोस.

तुझा
बाबा