कर्लिंग रॉडशिवाय लांब केस कुरळे कसे करावेत?

प्रश्न : माझे केस कमरेपर्यंत लांब, सरळ आणि दाट आहेत. गेली दोन वर्षे प्रत्येक समारंभाला कर्लिंग रॉड वापरल्यामुळे खालचे वीतभर केस खरखरीत झाले असून टोकांना फाटे फुटले आहेत. येत्या श्रावणात बहिणीची पहिली मंगळागौर आहे आणि त्या दिवशी मला केस कुरळे करून मोकळे सोडायचे आहेत, पण रॉड आता लावायचा नाही. रात्री न्हाऊन, ओल्या केसांच्या वेण्या घालून झोपून पाहिले. सकाळी केस आतून ओलेच होते आणि तासाभरात पुन्हा सरळ झाले. माझे काय चुकले?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमची पद्धत बरोबर होती, वेळ चुकली. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात आणि या प्रथिनाच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या बंधांपैकी हायड्रोजन बंध पाणी लागताच सुटतात व केस सुकताना ज्या आकारात असतील त्याच आकारात पुन्हा जुळतात. रॉडही हेच बंध सोडवतो, परंतु त्यासाठी तो केसांना 180 ते 200 अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही अधिक तापमान देतो. केस थोडेसे ओले असताना रॉड लावला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या गाभ्यातच बुडबुडे तयार होतात आणि पुढे नेमक्या त्याच जागी केस तुटतो. ‘चर्र’ असा आवाज आला की समजावे, नुकसान होऊन गेले.

म्हणजे वळण टिकते ते पूर्ण सुकण्यामुळे. उन्हाळ्यात घातलेली कुरडई वरून सुकलेली दिसली म्हणून घाईने उचलली, तर ती आतून ओली असल्यामुळे हातातच मोडते. केसांचेही तसेच आहे. त्यात श्रावणात कोल्हापुरात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मग रात्री न्हाऊन घट्ट वेणीत आवळलेले दाट केस सकाळपर्यंत कसे वाळणार? शिवाय कमरेपर्यंतच्या केसांना स्वतःचेच वजन असते, त्यामुळे अर्धवट जुळलेले वळण ते खाली ओढून सरळ करतात.

मंगळागौर मंगळवारी असते, तेव्हा सोमवारी सकाळीच केस धुवावेत. घरात त्या दिवशी डोक्यावरून न्हाण्याची पद्धत नसेल तर रविवारी धुऊन सोमवारी संध्याकाळी बटांवर हलके पाणी फवारले तरी चालते. दाट केसांसाठी मला हाच मार्ग अधिक खात्रीचा वाटतो. धुतलेले केस सुती पंचाने दाबून टिपावेत, चोळू नयेत, आणि पंख्याखाली मोकळे सोडावेत. ते गुंडाळण्याजोगे झाले की नाही, हे पाहण्याची माझी एक साधी रीत आहे. मानेजवळची, सर्वांत उशिरा वाळणारी बट कोरड्या रुमालात धरून घट्ट दाबावी. रुमालावर ओला डाग उमटला तर थांबावे. डाग न उमटता बट बोटांना फक्त गार लागली, तर गुंडाळायला घ्यावे. मीही एकदा घाईत हा रुमाल बाजूला ठेवला होता आणि भाचीच्या बारशाला ओलसर, चपटे केस घेऊन गेले होते.

आता गुंडाळायचे कशावर, तेही पाहू. जुन्या सुती साडीच्या चिंध्यांवर टोकाकडून वर बट गुंडाळून गाठ मारण्याची पद्धत खांद्यापर्यंतच्या केसांना फार चांगली, परंतु तुमच्या लांबीला बटेचे एकावर एक इतके थर होतात की आतला थर वाळतच नाही. तुम्ही सुती ओढणीला सैलसर पीळ देऊन ती हेअरबँडसारखी डोक्यावरून आडवी घ्यावी, दोन्ही टोके कानांवरून पुढे सोडावीत आणि मधोमध चाप लावून ती पक्की करावी. मग एका बाजूच्या कपाळाजवळची दोन बोटे जाडीची बट घेऊन ती ओढणीच्या पिळाभोवती चेहऱ्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने फिरवावी, प्रत्येक वेढ्याला मागची थोडी बट तिच्यात मिळवत खाली यावे आणि शेवटी मऊ कापडी रबर लावावा. वेढे शेजारी-शेजारी पडले पाहिजेत, एकमेकांवर चढता कामा नयेत. टोक नीट गुंडाळले नाही तर वरून सुंदर वळण आणि खाली झाडूसारखी सरळ शेपटी असे विचित्र दृश्य दिसते, म्हणून शेवटच्या चार बोटांवर अधिक वेळ द्यावा.

वळण धरून ठेवण्यासाठी जवसाचे जेल घरी करता येते. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत आठ-दहा मिनिटे उकळावेत आणि पाणी अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या भागासारखे चिकट झाले की गरम असतानाच पातळ कापडातून गाळून घ्यावे, कारण गार झाल्यावर ते गळत नाही. फ्रिजमध्ये हे जेल आठवडाभर टिकते. ओलसर बटांना बोटाच्या पेराएवढेच लावावे, जास्त लावल्यास वाळायला तितकाच वेळ जातो. त्या रात्री तेल मात्र लावू नये, त्याने वळण जड होऊन सुटते. खोबरेल तेलाची खरी जागा न्हाण्यापूर्वी आहे, कारण ते केसांत मुरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते.

मंगळवारी वेढे सोडण्यापूर्वी पुन्हा बोट लावून पाहावे. गार लागले तर अजून पाणी उडते आहे, अशा वेळी पंख्याखाली बसावे पण सोडू नये. सोडल्यावर फणी लावायची नाही, फक्त बोटांनी बटा वेगळ्या कराव्यात. पावसाळी हवेतली ओल तेच बंध पुन्हा सैल करते, त्यामुळे हे वळण दिवसभर जसेच्या तसे टिकेल असे मी सांगणार नाही. झिम्मा, फुगड्या सुरू होण्यापूर्वी केसांचा सैल अंबाडा घालून आकडे लावावेत व त्यावर गजरा माळावा. खेळ संपल्यावर अंबाडा सोडला की अंबाड्यातले वळण तरी केसांत उरते.

फाटे फुटलेल्या टोकांबद्दल स्पष्टच लिहिते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तुमच्या कमरेवरचे टोक जवळपास पाच वर्षांचे जुने आहे आणि त्याला दुरुस्त करणारी कोणतीही जिवंत पेशी तिथे नाही. सिरमने ते काही तास चिकटल्यासारखे दिसते, सांधले जात नाही. मंगळागौरीआधी तीन-चार बोटे कापून घ्यावीत. वळणही त्यामुळे अधिक चांगले बसेल.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला स्नेहसंमेलनासाठी कुरळे केस हवे आहेत. तिचे केस खांद्याखाली येतात. पार्लरमध्ये न्यावे का?
– एक आई, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : नेऊ नये. डिसेंबरच्या कोरड्या हवेत तिचे केस लवकर वाळतील. आदल्या दिवशी दुपारी न्हाऊ घालून संध्याकाळी ओलसर केसांच्या चार-पाच सैल वेण्या घालाव्यात आणि खालची टोके चिंधीत गुंडाळून बांधावीत. वेण्या कपाळाजवळ ओढून घट्ट घालू नयेत, कारण रोजच्या ताणाने कानशिलांवरचे केस विरळ होतात आणि मुलींच्या बाबतीत ते बरेचदा उशिरा लक्षात येते. ‘डोके दुखते’ असे ती म्हणाली तर रात्रीच वेणी सोडून पुन्हा सैल घालावी.