माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. मला चित्र काढता येत नाही. त्याच्यासोबत चित्रांचे कोणते सोपे खेळ खेळू?

"चित्र काढता येत नाही" हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं? मला माझ्यापुरतं पक्कं आठवतं.

तिसरीत निसर्गचित्र होतं. सगळ्या वर्गाचे दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, चारच्या आकड्यासारखे पक्षी. मी डोंगराचा माथा सपाट काढला. त्र्यंबकला आत्याकडे जाताना एसटीतून अंजनेरी, ब्रह्मगिरी बघितलेले. ते तसेच आहेत, वर पठार आणि बाजूला तुटलेला कडा. बाईंनी लाल पेनाने त्याला टोक काढून दिलं. घरी अण्णा म्हणाले, बाईंचं बरोबर आहे. अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, नोटा छापतात तिथे. रेष हलली की कागद बाद. पुढे चित्रकलेच्या तासाला मी नुसते समास आखले.

आता माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि अण्णा तिला कलरिंग बुकं आणून देतात. "रेषेबाहेर जाऊ नको गं." या वयात ती पुस्तकं सरळ रद्दीत घाला. रेष दुसऱ्याची, पोर नुसतं बुजवत बसतं.

हां, तुमचा प्रश्न. जून भेंडी आडवी चिरून रंगात बुडवा, फुलं उमटतात. पांढऱ्या मेणखडूने पांढऱ्या कागदावर काहीही गिरगटा आणि वरून पातळ वॉटरकलर फिरवा. मेणावर पाणी ठरत नाही, चित्र आपोआप वर येतं. आमच्याकडे एका दुपारी अकरा कागद संपले. माणूस जमत नसेल तर वारली काढा: टोकाला टोक लावून दोन त्रिकोण, वर गोल, हातापायांच्या काड्या. नाकडोळे नाहीतच. अण्णा म्हणाले, हे काय चित्र? जिव्या सोमा म्हसे यांना असल्याच काड्यांच्या माणसांनी २०११ साली पद्मश्री मिळवून दिली, म्हटलं. मग पेपर वाचत बसले.

एकच पाळा. पोराच्या कागदाला हात लावायचा नाही, तुमचा कागद वेगळा घ्या.

बाकी प्रवासात कलरिंग बुक कामाला येतं, हे कबूल, मीही नेतो. आणि स्केचपेनची टोपणं लांब ठेवा, तोंडात घालतात.

परवा मुलीने डोंगर काढला. टोकदार, मधून सूर्य. अण्णा खूश. येत्या रविवारी तिला त्र्यंबकच्या गाडीत खिडकीशी बसवतोय.