‘पगार जप्त होईल का हो, मॅडम?’

क्रेडिट कार्डाचं बिल थकलेला माणूस माझ्याकडे सल्ल्याला येतो तेव्हा व्याजाचं नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘ऑफिसात कळेल का? पगार कापून नेतील का?’ दादरला माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी तर खुर्चीवर टेकण्याआधीच हे विचारलं. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना आपण सावंत म्हणू.

सावंत अंधेरीला एका खासगी कंपनीत स्टोअर सांभाळतात. राहायला भांडुपला, पगार ३७,०००. वडिलांच्या ऑपरेशनला कार्डावरून ९०,००० गेले. मग दीड वर्ष फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम. महिना साडेतीन टक्के व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. साडेचार हजार भरले की पावणेचार हजारांच्या आसपास त्यातच जायचे, मुद्दल जागच्या जागी. ओव्हरटाइम बंद झाला तसे हप्तेही बंद झाले आणि आकडा १,७२,००० वर गेला.

वसुलीवाल्याचा मेसेज होता : ‘४८ तासांत भरा, नाहीतर पगार जप्त आणि अटक.’ तो वाचून सावंतांनी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. नोकरीच नसेल तर जप्त काय करणार, हा त्यांचा हिशोब. अशा मेसेजची मला मनापासून चीड येते. त्यापायी माणसं चालती नोकरी सोडतात.

मी त्यांना आधी पाणी दिलं आणि मग सांगितलं. कार्डाचे पैसे थकणं हा गुन्हा नाही. दिलेला चेक किंवा खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता बाउन्स झाला तर फौजदारी तक्रार होऊ शकते, ती बाब वेगळी. वसुलीवाला किंवा वकिलाची नोटीस पगाराला हात लावू शकत नाही. त्यासाठी बँकेला कोर्टाचा हुकूमनामा लागतो, नाहीतर लवादाचा निवाडा, आणि त्यानंतर जप्तीचा आदेश. तो आला तरी अख्खा पगार जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. सावंतांच्या पगारातून फार तर १२,००० कापले गेले असते, तेही त्या एका हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिनेच. पीएफला तर हातच लावता येत नाही.

एक धोका मात्र कोर्टाशिवायचा असतो. पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर करारातल्या कलमावर बोट ठेवून बँक परस्पर पैसे वळते करू शकते. सावंतांचं खातं सुदैवाने दुसऱ्या बँकेत होतं.

‘घरी कागद काय काय आलेत?’ मी विचारलं. त्यांनी बॅगेतून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली पाकिटं काढली. सात. एकही उघडलेलं नव्हतं. बायकोला दिसू नयेत म्हणून पोटमाळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यात ठेवली होती. सहा पाकिटांत नोटिसाच होत्या. सातव्यात शहर दिवाणी न्यायालयाचं समन्स होतं, समरी दाव्याचं, म्हणजे झटपट निकाली काढायच्या पैशाच्या दाव्याचं. अशा दाव्यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी दाखल करावी लागते. नाही केली तर बँकेचं म्हणणं मान्य आहे असं धरून निकाल लागतो, आणि पगाराच्या जप्तीची वाट तिथूनच मोकळी होते. सहा दिवस उलटून गेले होते.

त्याच संध्याकाळी वकील गाठला. आठव्या दिवशी हजेरी दाखल झाली.

घरी सांगा, हे मला तीनदा म्हणावं लागलं. पुढच्या शनिवारी वहिनी सोबत आल्या. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘अहो, माझी भिशी लागली होती श्रावणात. तीस हजार बँकेत पडून आहेत, आणि तुम्ही रात्र रात्र जागे होतात?’ सावंत मान खाली घालून बसले. मीही काही बोलले नाही.

त्या ३०,००० मुळे बँकेशी तडजोडीची बोलणीच बदलली. बँक १,०८,००० वर आली : तीस हजार लगेच, उरलेले ६,५०० च्या बारा हप्त्यांत. फोनवरच्या माणसाने ‘आजच भरा, पत्र मागाहून पाठवतो’ म्हटलं, तेव्हा वहिनींनीच नकार दिला. बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारखा आणि ‘यानंतर काही देणं नाही’ हे वाक्य आलं, मगच पैसे भरले. दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या या तडजोडीच्या अटी वकिलांनी कोर्टात दाखल केल्या.

वसुलीवाले कंपनीत एचआरला फोन करायचे, रात्री नऊलाही करायचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, चारचौघांत अपमानही करता येत नाही. बँकेकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत उत्तर आलं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार होतो. फोन आधीच थांबले.

सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, आता ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलं) असा शेरा लागेल आणि काही वर्षं कर्ज मिळायला जड जाईल, हेही दोघांना स्पष्ट सांगितलं आहे. आठ हप्ते गेलेत, चार उरलेत. भरल्याची पावती दर महिन्याला वहिनी मला फोनवर पाठवतात.